लशीची अट कोणी, कोणाला आणि केव्हा घालावी

रामटेक तालुक्यात पगारी किंवा रोजंदारीचे काम करणारी माणसे चार ठिकाणी ठळकपणे दिसतात. मनसर आणि कांद्रीच्या मँगनीज खाणींत मॉयल या सरकारी कंपनीचे कायम कामगार आहेत आणि ठेकेदाराकडचे मजूरही आहेत. मनसरच्या फाट्यावर आणि राष्ट्रीय महामार्ग 44 लगत ढाबे आणि खानावळी आहेत. कार्तिक पौर्णिमेच्या आणि रामनवमीच्या यात्रेत रामटेकच्या गडाच्या परिसरात खाण्यापिण्याची तात्पुरती दुकाने लागतात. गावात सरकारी रुग्णालय आणि खासगी दवाखाने आहेत. तिथे परिचारिका, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ आणि सफाई कामगार राबतात. उत्तरेकडे पवनी, देवलापारच्या बाजूला गेले की पेंच व्याघ्र प्रकल्पाचे जंगल लागते आणि तिथे वनरक्षक व वनमजूर पायी गस्त घालतात. या चारही ठिकाणच्या माणसांना ‘लस घेतल्याशिवाय कामावर येऊ नका’ असे सांगण्याचा अधिकार मालकाला असावा का? कोविडच्या साथीत या प्रश्नाला सरसकट ‘हो’ असे उत्तर दिले गेले आणि साथ ओसरल्यावर तितकेच सरसकट ‘नाही’. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. लशीची अट ही कामाच्या स्वरूपावरून, रोगाच्या स्वभावावरून आणि त्या लशीच्या गुणावरून ठरली पाहिजे. जिथे ती न्याय्य ठरते तिथेही मालकाचे कर्तव्य आधी येते आणि कामगाराचे नंतर. पुढच्या साथीची वाट न पाहता हा क्रम आताच पक्का करून ठेवला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

महाराष्ट्रात काय घडले ते आधी नीट पाहू. 16 जानेवारी 2021 रोजी देशात आरोग्य कर्मचाऱ्यांपासून लसीकरण सुरू झाले आणि 1 एप्रिलपासून 45 वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली. त्याच महिन्याच्या सुरुवातीला राज्य सरकारच्या ‘ब्रेक द चेन’ आदेशांत दुकाने, कारखाने, वाहतूक आणि खासगी कार्यालयांतल्या कर्मचाऱ्यांनी लवकरात लवकर लस घ्यावी आणि तोवर चाचणीचा अहवाल जवळ ठेवावा, असे सांगितले गेले. ऑगस्ट 2021 मध्ये मुंबईची लोकल दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांनाच खुली झाली. म्हणजे ज्यांची नोकरी लोकलवर अवलंबून होती त्यांना मालकाने काही न सांगताच लस सक्तीची झाली. नोव्हेंबरमध्ये ठाणे महापालिकेने पहिला डोसही न घेतलेल्या कर्मचाऱ्यांचा पगार रोखण्याचे जाहीर केले आणि औरंगाबादच्या जिल्हा प्रशासनाने किमान एक डोस नसेल तर पेट्रोल, गॅस आणि रेशन मिळणार नाही असा आदेश काढला. 27 नोव्हेंबर 2021 च्या राज्यव्यापी आदेशाने दुकाने, आस्थापना आणि कार्यक्रमांतल्या सेवकांना आणि ग्राहकांना पूर्ण लसीकरणाची अट घातली. नियम मोडणाऱ्या व्यक्तीला 500 रुपये, तर आस्थापनेला 10,000 पासून 50,000 रुपयांपर्यंत दंड ठेवला. ढाब्याच्या मालकाला आचाऱ्याकडे लशीचे प्रमाणपत्र मागणे भाग पडले ते या दंडामुळे. त्या मागणीमागे रोगाचा विचार किती आणि दंडाची धास्ती किती, हे तेव्हा कोणी तपासले नाही.

न्यायालयांनी मात्र तपासले, आणि वेगवेगळ्या टोकांनी तपासले. मेघालय उच्च न्यायालयाने जून 2021 मध्ये दुकानदार, फेरीवाले आणि टॅक्सीचालक यांच्यावरची सक्ती मूलभूत हक्कांना बाधक ठरवली. गुवाहाटी उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात अरुणाचल प्रदेशातल्या आदेशाला स्थगिती दिली. त्या आदेशाने लस न घेतलेल्यांना कामाचे तात्पुरते परवाने नाकारले होते. गुजरातेत हवाई दलातल्या एका जवानाने लस नाकारली आणि त्याचा वाद उच्च न्यायालयात गेला. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये लोकलबंदीचे आदेश कायद्यातली कार्यपद्धती न पाळता काढल्याबद्दल राज्याला फटकारले आणि राज्याने ते मागे घेतले. शेवटी 2 मे 2022 रोजी जेकब पुलियेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव आणि न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या पीठाने निर्णय दिला. आपल्या शरीरावरचा अधिकार हा घटनेच्या 21 व्या अनुच्छेदाचा भाग आहे आणि कोणालाही बळाने लस टोचता येणार नाही, असे पीठाने स्पष्ट केले. लस न घेतलेल्यांवर घातलेली बंधने त्या वेळच्या माहितीच्या कसोटीवर प्रमाणाबाहेरची ठरतात असे सांगून, खासगी संस्थांसह सर्वांनी आपापल्या अटींचा फेरविचार करावा, असेही पीठाने सुचवले.

हा निकाल अनेकांनी ‘लशीची अट घालता येत नाही’ असा वाचला. निकाल तसे म्हणत नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार व्यक्तीच्या हक्कांवर वाजवी मर्यादा घालू शकते, हे न्यायालयाने मान्य केले आहे. अट मात्र तीन गोष्टींवर टिकली पाहिजे: तिला कायद्याचा आधार हवा, तिचा हेतू योग्य हवा आणि ती त्या हेतूच्या प्रमाणात हवी. कोविडच्या बंधनांचे घोडे अडले ते तिसऱ्या पायरीवर. लस न घेतलेला माणूस लस घेतलेल्यापेक्षा जास्त संसर्ग पसरवतो, हे दाखवणारी आकडेवारी केंद्राने वा राज्यांनी न्यायालयापुढे ठेवली नाही, आणि तोवर समोर आलेले वैज्ञानिक मत दोघांकडून होणारा प्रसार जवळपास सारखाच असल्याचे सुचवत होते. निकालाने दार बंद केलेले नाही. पुराव्यानिशी या, एवढेच सांगितले आहे. मालकाने अट घालावी की नाही या चर्चेत हा मुद्दा कायम समोर ठेवायला हवा. कोणता पुरावा अटीला पुरतो आणि कोणता नाही, हा खरा वादाचा विषय आहे.

कोविडच्या लशींनी जीव वाचवले याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही, आणि नोकरदारांच्याच अभ्यासांतून ते सर्वांत स्पष्ट दिसले. तमिळनाडू पोलिस दलातल्या 1,17,524 जणांची माहिती भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या संशोधकांनी 2021 च्या दुसऱ्या लाटेत तपासली. लस न घेतलेल्या 17,059 जणांपैकी 20 दगावले, एक डोस घेतलेल्या 32,792 पैकी 7 आणि दोन्ही डोस घेतलेल्या 67,673 पैकी 4. दोन डोसांनी मृत्यूचा धोका सुमारे 95 टक्क्यांनी कमी झाला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या कर्मचाऱ्यांमध्ये पूर्ण लसीकरणाने रुग्णालयात दाखल होणे 77 टक्क्यांनी आणि ऑक्सिजनची गरज 92 टक्क्यांनी कमी झाली, पण संसर्ग मात्र 65 टक्क्यांनीच. या आकड्यांतला फरक लक्षात घ्या. लस घेणाऱ्याच्या जिवाचे रक्षण ती फार चांगले करत होती. शेजारी काम करणाऱ्याचे रक्षण त्या मानाने कमी. ओमायक्रॉन आल्यावर ही दुसरी बाजू आणखी दुबळी झाली. म्हणून ‘लस घ्या’ हा सल्ला शेवटपर्यंत योग्य राहिला, आणि ‘लस घेतल्याशिवाय कामावर नको’ या अटीचा आधार मात्र काळानुसार खचत गेला. सल्ला आणि अट यांना एकाच पुराव्यावर उभे करता येत नाही. सल्ल्याला घेणाऱ्याचा फायदा पुरतो. अटीसाठी मात्र इतरांना होणारी हानी दाखवावी लागते.

यातून एक साधी कसोटी निघते. हा रोग या कामातून दुसऱ्याला लागू शकतो का, ज्याला लागेल त्याला तो टाळण्याचा मार्ग आहे का, आणि ही लस तो प्रसार खरोखर रोखते का? तिन्ही उत्तरे ‘हो’ असतील तर अटीचा विचार करता येईल. धनुर्वात एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही. खाणीत लोखंडी अवजारे हाताळणाऱ्या मजुराला ती लस मिळालीच पाहिजे, पण त्याने ती नाकारली तर सोबतच्या कोणाचेही नुकसान होत नाही. म्हणून ती कामावर येण्याची अट होऊ शकत नाही. गोवराचे याच्या नेमके उलट आहे. नवजात बाळांच्या कक्षात काम करणाऱ्या परिचारिकेला गोवर झाला तर ज्यांना अजून लस देताच येत नाही अशी बाळे तिच्यासमोर असतात. गोवराची लस संसर्गही रोखते, दीर्घकाळ टिकते आणि अर्धशतकाहून अधिक काळ वापरात आहे. तिथे अट घालणे न्याय्य आहे. दोन्ही ठिकाणी शरीर कामगाराचेच आहे, पण पहिल्या नकाराची झळ फक्त त्यालाच लागते आणि दुसऱ्या नकाराची झळ बोलताही न येणाऱ्या बाळाला.

आपल्या देशात कामगारांच्या लसीकरणाचे नियम कोविडच्या आधीपासून आहेत, हे कोविडच्या गदारोळात विसरले गेले. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार रुग्णालय वा दवाखाना चालवणाऱ्याने कचरा हाताळणाऱ्या सर्वांना हिपॅटायटिस-बी आणि धनुर्वात यांसह संबंधित रोगांच्या लशी दिल्या पाहिजेत. वाक्याचा कर्ता कोण आहे ते पाहा. कामगाराने लस घेऊन यावे असे नियम सांगत नाही. दवाखाना चालवणाऱ्याने ती द्यावी असे सांगतो. या क्रमाला मोठा अर्थ आहे. हिपॅटायटिस-बीच्या रुग्णाची सुई टोचली गेली आणि ज्याला टोचली त्याला लशीचे संरक्षण नसेल, तर संसर्गाची शक्यता 6 ते 30 टक्के असते. एचआयव्हीच्या बाबतीत हीच शक्यता साधारण 0.3 टक्के आहे. बाळांच्या नियमित लसीकरणात हिपॅटायटिस-बीची लस देशभर पोचली ती 2011 च्या सुमारास, म्हणजे आज रुग्णालयात झाडू मारणारी, पिशव्या उचलणारी बहुतेक माणसे तिच्या आधी जन्मलेली आहेत. त्यांना तीन डोस सहा महिन्यांत द्यावे लागतात. तालुक्याच्या ठिकाणच्या छोट्या दवाखान्यात ठेकेदाराकडून आलेली सफाई कामगार चार महिन्यांत बदलते आणि तिसरा डोस राहून जातो. इथे लस नाकारण्याचा प्रश्न फारसा येतच नाही. जे द्यायचे ते दिले जात नाही, हा प्रश्न आहे. मालकाचे कर्तव्य मोडले जात असताना त्याच्या अधिकाराची चर्चा आधी करणे अन्यायाचे आहे.

दुसरा नियम अन्नाचा. अन्नसुरक्षा परवान्यासंबंधीच्या 2011 च्या विनियमांतील चौथ्या परिशिष्टात अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी, तसेच कर्मचाऱ्यांना आंत्रज्वराच्या गटातल्या रोगांविरुद्ध लस आणि तिची नोंद, असे बंधन आहे. म्हणजे टायफॉइडच्या लशीची सक्ती आपल्या कायद्यात आहेच. तिच्यावर कोणी मोर्चा काढला नाही, कारण तिची अंमलबजावणी फारशी झालीच नाही. वरच्या तिहेरी कसोटीवर ही अट बऱ्याच अंशी उतरते. टायफॉइडचे जंतू आचाऱ्याच्या हातातून ताटात येतात, आणि यात्रेत जेवणाऱ्याला तो आचारी कोण हे विचारण्याची सोय नसते. लशीने आजारी पडणाऱ्यांची संख्या घटते, मात्र जंतू शरीरात बाळगणारा प्रत्येक वाहक तिने नाहीसा होत नाही. म्हणून तपासणी, साबण आणि स्वच्छ पाणी यांची जागा ती घेऊ शकत नाही. जुलै 2022 मध्ये मेळघाटातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत कॉलऱ्याने माणसे गेली ती दूषित विहिरीच्या पाण्यामुळे. ज्या ढाब्यावर हात धुवायला नळ नाही त्या ढाब्यावर लशीचे प्रमाणपत्र भिंतीला लावून काही साधत नाही. दुसरीकडे, नवी मुंबई महापालिकेने 2018 मध्ये नव्या संयुग्म टायफॉइड लशीची जगातली पहिली सार्वजनिक मोहीम राबवून एक लाखाहून अधिक मुलांना लस दिली. स्थानिक संस्थेने मनावर घेतले तर ही लस दारापर्यंत जाऊ शकते, हे तिने दाखवून दिले. यात्रेपूर्वी नगर परिषदेने आचारी, वाढपी आणि रसवाल्यांसाठी असाच एक दिवस ठेवणे अवघड नाही.

टायफॉइडच्याच इतिहासात या प्रश्नातला सर्वांत मोठा धडा आहे. न्यूयॉर्कमधली मेरी मॅलन ही स्वयंपाकीण स्वतः आजारी न पडता टायफॉइडचे जंतू पसरवत होती. 1907 मध्ये तिला एका बेटावर अलग ठेवले गेले आणि 1910 मध्ये पुन्हा स्वयंपाक करणार नाही या अटीवर सोडले. तिला कपडे धुण्याचे काम मिळाले, ज्यात कमाई बरीच कमी होती. काही वर्षांनी ती नाव बदलून पुन्हा स्वयंपाकाकडे वळली. 1915 मध्ये एका प्रसूती रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात ती सापडली आणि उरलेले आयुष्य, 1938 पर्यंत, अलगीकरणात गेले. तिला आवडणारे आणि येणारे काम काढून घेतले गेले, पण तेवढीच कमाई देणारे दुसरे काम मिळाले नाही. सुरक्षिततेची अट माणसाच्या पोटावर आली की माणूस अट लपवून मोडतो, आणि मग सगळ्यांचीच सुरक्षितता जाते. म्हणून जिथे अट न्याय्य आहे तिथेही ती न पाळणाऱ्याला आधी दुसरे काम दिले पाहिजे. लस नको म्हणणाऱ्या परिचारिकेला नवजात कक्षाऐवजी नोंदणी विभागात बसवता येते. आचाऱ्याला हिशेबाचे काम देता येते. दुसरे काम शोधण्याचा खरा प्रयत्न न करता कोणालाही काढू नये.

खाण आणि जंगल यांचे उत्तर वेगळे आहे. खाण नियमांप्रमाणे कामगाराची नोकरीला लागताना आणि पुढे ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी करावी लागते. याच तपासणीच्या वेळी धनुर्वात आणि साथीच्या काळात फ्लूसारख्या लशी मोफत देता येतील, आणि द्याव्यात. पण मँगनीज खाणीतल्या माणसाला खरा धोका धुळीचा आहे. सिलिकाच्या धुळीने फुप्फुसे निकामी होतात आणि क्षयाची शक्यता वाढते. त्यावर कामगाराला टोचण्याजोगी लस नाही, पाणी मारणे, हवा खेळती ठेवणे आणि मुखवटा हेच उपाय आहेत. पेंचच्या वनरक्षकाला कुत्रा वा जंगली प्राणी चावण्याचा धोका असतो, म्हणून रेबीजची आधीच घ्यायची लस वनखात्याने त्याला दिली पाहिजे. मात्र रेबीज त्याच्याकडून सहकाऱ्याला लागत नाही. ती भेट असावी, अट नसावी. 2018 मध्ये नागपूर जिल्ह्यात स्क्रब टायफसची साथ आली. गवता-झुडपांतल्या माइटच्या चाव्याने होणाऱ्या या तापावर लसच उपलब्ध नाही. तिथे पूर्ण बाह्यांचे कपडे, बूट आणि वेळेवर औषध लागते. लशीच्या अटीवर सगळे लक्ष केंद्रित केले की मालक या खर्चाच्या उपायांतून सहज सुटतो.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप मालकांचा आहे: कारखाना माझा, जोखीम माझी, नोकरीच्या अटी मी ठरवणार, हेल्मेटची सक्ती चालते तर लशीची का नाही? हेल्मेट पाळी संपल्यावर खुंटीला टांगता येते, टोचलेली लस काढून ठेवता येत नाही. हा फरक क्षुल्लक नाही. शिवाय नोकरीचा करार बरोबरीच्या दोघांत होत नाही. ठेकेदाराकडच्या मजुराला अट मान्य नसेल तर उद्या दुसऱ्याला बोलावले जाते, हे दोघांनाही माहीत असते. सेवाशर्तींत मालकाला एकतर्फी, पूर्वसूचनेशिवाय बदल करता येत नाही, हे औद्योगिक कायद्याचे जुने तत्त्व यासाठीच आहे. वेतनातून कपात करण्याची कारणेही कायद्याने मोजून दिली आहेत आणि लस न घेणे हे त्यांत नाही. झालेल्या कामाचा पगार अडवणे हे लसीकरणाचे साधन म्हणून कधीही वापरू नये. महापालिकेसारख्या सार्वजनिक संस्थेने तर नाहीच नाही.

दुसरा आक्षेप विरुद्ध टोकाचा: शरीरावरचा हक्क निरपवाद आहे, म्हणून कोणत्याही कामाला लशीची अट नको. या म्हणण्यामागची तळमळ मला मान्य आहे. 1897 साली पुण्यात प्लेगच्या नावाखाली सैनिकांनी घरांत शिरून जे केले त्याची आठवण या प्रांतात पुसलेली नाही, आणि कोविडमधले अनेक आदेश त्याच वर्षीच्या साथरोग कायद्याचा आधार घेऊन निघाले. पण विशिष्ट काम करण्याचा हक्क निरपवाद नसतो. आजारी, दुबळ्या माणसाला हात लावण्याचे काम स्वीकारले की त्याच्याप्रती काही कर्तव्य येतेच. जगातली न्यायालये हाच फरक करत आली आहेत. 13 जानेवारी 2022 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन निर्णय दिले: शंभर किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांसाठीचा, सुमारे 8.4 कोटी कामगारांना लागू होणारा नियम रोखला, आणि आरोग्यसेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठीचा नियम चालू ठेवला. इंग्लंडने वृद्धाश्रमांतल्या कर्मचाऱ्यांवर 11 नोव्हेंबर 2021 पासून घातलेली अट 15 मार्च 2022 रोजी मागे घेतली, कारण ओमायक्रॉननंतर ती प्रमाणात राहिली नव्हती. अट घालणाऱ्याने तिचा फेरविचार करण्याची तारीखही सोबत लिहिली पाहिजे, हा यातला धडा.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: समजावण्यात वेळ जातो आणि तेवढ्यात माणसे मरतात. सक्तीचा वेग मात्र पुष्कळदा दिखाऊ असतो. वेल्लोरच्या त्या रुग्णालयात लस ऐच्छिक असताना पहिल्या काही महिन्यांत 10,600 कर्मचाऱ्यांपैकी 8,991 जणांनी, म्हणजे सुमारे 85 टक्क्यांनी, किमान एक डोस घेतला होता. लस त्यांच्या कामाच्या जागीच होती आणि शंका विचारायला ओळखीचे डॉक्टर होते. याउलट मे 2021 मध्ये महाराष्ट्रात 18 ते 44 वयोगटाचे लसीकरण तुटवड्यामुळे थांबवावे लागले. केंद्राने एप्रिल 2021 मध्ये कामाच्या ठिकाणी लसीकरणाला परवानगी दिली ती साधारण शंभर पात्र माणसे असलेल्या जागांना. ढाब्यावरच्या पाच जणांना नाही. जूनमध्ये खासगी रुग्णालयांत कोविशिल्डचा कमाल दर 780 रुपये आणि कोव्हॅक्सिनचा 1,410 रुपये ठरला; मोठ्या कंपन्यांनी तो भरला, रोजंदारीवाला रांगेत राहिला. सोय मोठ्यांना आणि अट सगळ्यांना, हा अन्याय तिथे झाला. प्रमाणपत्राचा दबाव आला की प्रमाणपत्राचा बाजारही उभा राहतो. मे 2021 मध्ये कांदिवलीच्या एका गृहसंकुलात बनावट शिबिरात शेकडो लोक फसवले गेले. देवलापारच्या बाजूच्या आदिवासी पाड्यावरचा मजूर लस टाळतो तेव्हा त्यामागे दोन दिवस ताप आला तर खाडा पडेल, ही साधी भीती असू शकते. त्या भीतीवर भरपगारी रजा हा धमकीपेक्षा जलद उपाय आहे. 1974 मध्ये जमशेदपूरहून देवी रोग दूरवर पसरत असताना टाटांच्या पोलाद कंपनीने माणसे, गाड्या आणि पैसा मोहिमेसाठी उभा केला. मोठ्या मालकाची ताकद अशी वापरता येते. त्या मोहिमेच्या शेवटच्या टप्प्यात काही ठिकाणी जबरदस्तीही झाली, हे मान्य केले पाहिजे; तिने मागे ठेवलेला राग पुढच्या लसीकरणाला भोवतो, म्हणूनच ती टाळायची.

चौथा आक्षेप छोट्या मालकाचा: मला हे सगळे परवडत नाही. हे खरे आहे, आणि म्हणूनच ही जबाबदारी एकट्या मालकाची असू शकत नाही. लस पुरवणे सरकारचे काम, ती कामाच्या जागी आणणे नगर परिषद आणि आरोग्य विभागाचे, आणि दोन दिवसांची भरपगारी रजा मालकाची, अशी वाटणी शक्य आहे. पाच माणसांच्या खानावळीला दोन दिवसांची मजुरी जड वाटेल, पण टायफॉइडच्या एका साथीने बंद पडलेला हंगाम त्याहून जड असतो. ठेकेदारी असेल तिथे जबाबदारी मूळ मालकावर असावी; नाहीतर कायम कामगार सुरक्षित आणि त्याच्याच शेजारी तेच काम करणारा कंत्राटी मजूर उघडा, अशी विभागणी होते आणि रोग ती विभागणी पाळत नाही.

राहिला दुष्परिणामांचा प्रश्न, आणि सक्तीच्या समर्थकांनी तो सर्वांत जास्त टाळला आहे. मे 2021 मध्ये राष्ट्रीय समितीने कोविशिल्डनंतर रक्ताच्या गुठळ्या होण्याचे प्रमाण दहा लाख डोसांमागे 0.61 इतके नोंदवले. हा धोका फार लहान आहे, पण ज्याच्या घरात तो घडला त्याच्यासाठी तो पूर्ण आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयाला सांगितले की लस घेणे ऐच्छिक होते, म्हणून दुष्परिणामांच्या भरपाईची जबाबदारी सरकारवर येत नाही; दाद दिवाणी न्यायालयात मागावी. ज्या मजुराला आदेशामुळे, दंडाच्या धाकामुळे वा पगार अडण्याच्या भीतीने लस घ्यावी लागली, त्याला हे ‘ऐच्छिक’ कसे वाटेल? ब्रिटनमध्ये 1979 पासून लशीने अपंगत्व आलेल्यांना एकरकमी मदत देणारा कायदा आहे. आपल्याकडे किमान एवढे व्हावे: मालकाच्या अटीमुळे घेतलेल्या लशीचा गंभीर दुष्परिणाम झाला तर तो कामावर झालेल्या अपघातासारखा मानला जावा आणि त्याची भरपाई मिळावी. 1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावात हाफकिन यांच्या प्लेग लशीच्या एका दूषित बाटलीमुळे 19 जण धनुर्वाताने दगावले आणि लोकांचा विश्वास दीर्घकाळ डळमळला. नुकसानीची जबाबदारी घेण्याची तयारी असेल तरच लोक अटीवर विश्वास ठेवतील.

या सगळ्याचा मेळ घालून नियम लिहायचा झाला तर तो असा असेल. मालकाने प्रत्येक कामाला लागू पडणाऱ्या लशी मोफत, कामाच्या वेळेत आणि भरपगारी रजेसह देणे हे बंधनकारक करावे. लशीची अट फक्त तिथे घालावी जिथे न टाळता येणारा धोका दुसऱ्याला आहे आणि लस तो पुराव्यानिशी कमी करते: रुग्णालयातले ठरावीक कक्ष, वृद्धाश्रम, अन्न हाताळण्याची कामे. अट नियुक्तीपत्रात आधी लिहावी, कामगारांशी बोलून ठरवावी, तिला फेरविचाराची तारीख असावी. वैद्यकीय कारणाने लस घेता येत नाही अशांना सवलत असावी, नकार देणाऱ्याला आधी दुसरे काम द्यावे, लशीची नोंद गोपनीय ठेवावी आणि दुष्परिणामाची भरपाई हमीने मिळावी. झालेल्या कामाचा पगार, रेशन आणि प्रवास यांना लशीशी कधीही जोडू नये.

असा नियम साथीच्या मध्यावर लिहिता येत नाही. भीती शिगेला पोचलेली असते तेव्हा सरकार दंडाची भाषा बोलते, मालक ती खाली ढकलतो आणि मजूर प्रमाणपत्र शोधत फिरतो. आज शांत वेळ आहे. मॉयलसारख्या सार्वजनिक कंपनीला, वनखात्याला, रामटेकच्या रुग्णालयांना आणि यात्रेचे नियोजन करणाऱ्या नगर परिषदेला आपापल्या कामगारांसाठी कोणत्या लशी लागू होतात याची यादी करून त्या देण्यास आज सुरुवात करता येते; त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. ज्या मालकाने आधी आपल्या माणसाच्या जिवाची काळजी घेतली, त्याने उद्या गरज पडल्यावर घातलेली अट कामगारालाही पटेल. ही काळजी न घेता अट घालणाऱ्याला न्यायालयाने अडवले नाही, तरी कामगाराने ती मनापासून मानण्याचे काही कारण उरत नाही.